गुडघा नेमका कुठून सुरू होतो?

२०२० साली आपल्या सगळ्यांच्या कपाळावर कुणी ना कुणी पिस्तूल रोखलं होतं. मॉलच्या दारात, सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या रांगेत. वॉचमन ते पांढरं यंत्र कपाळापाशी धरायचा, कधी नुसतंच मनगटापाशी, आणि आकडा दिसला की पुढे सोडायचा. उन्हातून चालत आलात तर आकडा जास्त, एसी कॅबमधून उतरलात तर कमी. एखाद्याचा आकडा ३३ अंश सेल्सिअस यायचा आणि तो माणूस निवांत आत जायचा. शरीराच्या आतलं तापमान खरोखर ३३ झालं असतं, तर त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालावं लागलं असतं.

ते यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते कातडीचं तापमान सांगत होतं. आपल्याला मात्र आतलं हवं होतं. कातडी आणि आत यांच्यामधल्या या अंतराचा इतिहास बराच जुना आहे. त्यातला एक छोटा तुकडा मला फार आवडतो. तो तापाचा नाही, गुडघ्याचा आहे. गुडघ्यावर ठेवलेल्या बर्फाचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रांवर प्रक्रिया करणारा कोड लिहितो. गेली काही वर्षं त्यात थर्मल कॅमेऱ्याची चित्रं जास्त असतात. कामासाठी जुने पेपर चाळताना २००६ सालचा एक पेपर हाती लागला. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावच्या सेंट्रल लँकेशायर विद्यापीठातला. प्रश्न इतकाच होता: गुडघ्याला थंडावा देऊन थर्मल फोटो काढला, तर त्या फोटोत गुडघा कुठून कुठपर्यंत धरायचा? माणसांना एवढ्यावर अख्खा पेपर लिहावा लागतो, हे वाचून आधी हसू आलं. मग कळलं की हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं काहीच मोजता येत नाही.

बर्फाचा शेक

मराठीत आपण 'बर्फाने शेक' असं बिनदिक्कत म्हणतो. शेक म्हणजे खरं तर ऊब. पण दुखऱ्या जागी बाहेरून काहीतरी लावून आत फरक पाडायचा, या अर्थाने तो शब्द थंडालाही चालून गेला. घरोघरी वादही ठरलेला: गरम शेकायचं की थंड? आजी गरम विटेच्या बाजूने, फिजिओथेरपिस्ट जेल पॅकच्या बाजूने.

हा वाद ग्रीकांइतका जुना आहे. सांध्याची सूज आणि दुखणं भरपूर थंड पाण्याने हलकं होतं, असं हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये सांगितलं आहे. त्याच परंपरेतल्या ग्रंथांत आणखी एक भारी युक्ती आहे. छातीत पू झालेला रोगी असेल, तर एरेट्रिया गावची बारीक माती पाण्यात कालवायची, तिच्यात कापड भिजवायचं आणि छातीभोवती गुंडाळायचं. कापड जिथे आधी वाळेल, तिथे चीर द्यायची. कारण तिथलं अंग जास्त गरम.

जरा थांबून बघा, हा थर्मल कॅमेराच आहे. ओलं कापड म्हणजे सेन्सर, वाळण्याचा वेग म्हणजे सिग्नल. तापमान मोजायची काचेची नळी यायला अजून दोन हजार वर्षं होती, पण 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर मिळत होतं. 'किती' या प्रश्नाचं मिळत नव्हतं.

न दिसणारा उजेड

१८०० साली विल्यम हर्शेल सूर्याकडे बघण्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरून पाहत होता. काही काचांतून उजेड कमी येई पण चटका जास्त बसे, हे त्याला खटकलं. त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात काळा फासलेला थर्मामीटर ठेवला. तुलनेसाठी बाकीचे थर्मामीटर बाजूला, उजेडाबाहेर. जांभळ्यापासून तांबड्याकडे पारा चढत गेला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तो आणखी चढला. यालाच आपण आज अवरक्त किरण म्हणतो, इन्फ्रारेड.

हर्शेल मूळचा संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावात ऑर्गन वाजवायचा, आणि तिथल्याच घराच्या परसातून त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला होता. बाथ लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याचा मुलगा जॉन याने १८४० मध्ये या अदृश्य किरणांचं चित्र काढलं. काजळी धरलेला पातळ कागद अल्कोहोलने भिजवला आणि त्यावर सूर्याचे किरण पाडले. जिथे उष्णता जास्त, तिथलं अल्कोहोल आधी उडालं आणि कागदावर ठसा उमटला. म्हणजे पुन्हा तेच, जिथे आधी वाळेल तिथे जास्त गरम.

पुढचा टप्पा माझ्या आवडीचा. १९३४ मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी याने माणसाच्या कातडीतून किती आणि कशी उष्णता बाहेर पडते हे मोजलं. त्याला दिसलं की अवरक्त किरणांच्या बाबतीत कातडी जवळपास आदर्श काळ्या पदार्थासारखी वागते, मग डोळ्यांना तिचा रंग कोणताही दिसो. गोरा, सावळा, काळा हा भेद त्या तरंगलांबीवर उरतच नाही. आज कॅमेऱ्यात कातडीसाठी ०.९८ हा उत्सर्जनांक भरतात, तो सगळ्यांसाठी एकच. रंगावर घसरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बातम्या आपण हल्ली अधूनमधून वाचतो. त्या पार्श्वभूमीवर हा आकडा मला दिलासा देतो.

सुईचा काळ

पण हार्डीचं मोजमापही कातडीचंच. सांध्याच्या आतलं काय?

त्यासाठी सरळ सुई घातली गेली. १९४९ मध्ये अमेरिकेत होर्व्हाथ आणि हॉलंडर यांनी तापमान मोजणारी बारीक तार सुईतून गुडघ्याच्या सांध्यात सोडली आणि संधिवाताची आग आतल्या तापमानावरून मोजायचा प्रयत्न केला.

दोन-चार अंशांनी एवढा काय फरक पडतो? याचं एक उत्तर १९७४ मध्ये आलं. हॅरिस आणि मॅक्क्रॉस्केरी यांनी संधिवाती सांध्यातलं, कूर्चा खाणारं एन्झाइम घेतलं आणि वेगवेगळ्या तापमानांना ते किती वेगाने काम करतं ते पाहिलं. कूर्चा म्हणजे आपण ज्याला गुडघ्यातली 'गादी' म्हणतो ती. ३३ अंशांपेक्षा ३६ अंशांना तिची झीज सुमारे चौपट वेगाने होत होती. तीन अंशांत चौपट! निरोगी गुडघा आतून ३७ अंशांचा नसतो, त्याहून बराच थंड असतो. सुजलेला गुडघा तापतो. म्हणजे सांधा थंड ठेवणं हा नुसता आरामाचा मामला नसावा, अशी शंका घ्यायला जागा झाली.

१९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये ऊस्टरवेल्ड, रास्कर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात सुई ठेवून बाहेरून बर्फाचा चुरा लावला. कातडी सरासरी २७.९ वरून ११.५ अंशांवर आली आणि सांध्याच्या आतलं तापमान ३१.९ वरून २२.५ वर. थंडावा आत पोचतो, याचा हा पुरावा. पण दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बाहेर १६.४ अंशांची घट, आत ९.४ अंशांची. फक्त बाहेरचा आकडा हातात असेल, तर आतला नेमका सांगता येईल का?

सुईची अडचण उघड आहे. सांध्यात सुई घालणं म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका. शंभर जणांवर, दहा वेगवेगळ्या पॅकांचा, तासभर दर मिनिटाला असा प्रयोग सुईने करायला कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून कॅमेरा.

साठ किलोंचा कॅमेरा

थर्मल कॅमेरा लष्करातून आला. स्वीडनच्या आगा कंपनीने १९६५ मध्ये वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी तो बाजारात आणला. त्या काळच्या यंत्राचं वर्णन वाचून हसू येतं: कॅमेरा पंचवीस किलो, चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप वीस किलो, तिकाटणं पंधरा किलो. शिवाय जनरेटर, आणि सेन्सर गार ठेवायला दहा लिटर द्रवरूप नायट्रोजन. आज मोबाईलला खाली टोचायचा थर्मल कॅमेरा खिशात मावतो, कारण न गोठवता चालणारे सेन्सर अमेरिकेत तयार झाले आणि १९९० च्या दशकात लष्करी गुप्ततेतून बाहेर आले.

डॉक्टरांनी हे यंत्र लगेच उचललं. आधी स्तनाच्या कर्करोगासाठी. माँट्रियलच्या रे लॉसन यांनी १९५६ मध्ये गाठीवरची कातडी जास्त गरम असते हे नोंदवलं होतं, त्यामुळे आशा मोठी होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तपासण्या झाल्या तेव्हा थर्मोग्राफीकडून फार कर्करोग निसटतात असं दिसलं आणि ती त्या कार्यक्रमातून काढली गेली. ती मॅमोग्राफीला पर्याय नाही, असं तिथलं अन्न व औषध प्रशासन आजही बजावतं. कातडीवरून आतलं सांगण्याचा दावा किती महाग पडू शकतो, त्याचं हे उदाहरण. इथे चुकीच्या चित्राची किंमत एखाद्या बाईचा जीव होती.

गुडघ्याचं काम सावकाश चाललं, आणि ते बाथमध्ये चाललं. रोमन काळापासून गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. आपल्याकडे दुखरे सांधे घेऊन लोक वज्रेश्वरीला जातात, तसे तिकडे बाथला जात. तिथल्या संधिवाताच्या रुग्णालयात फ्रान्सिस रिंग आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'थर्मोग्राफिक इंडेक्स' मांडला. कल्पना साधी आहे. सांध्याच्या चित्रात सारख्या तापमानाचे पट्टे पाडायचे, नकाशावर उंचीच्या रेषा असतात तसे. प्रत्येक पट्टा २६ अंशांपेक्षा किती वर आहे ते बघायचं, त्याला त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्षेत्रफळाने भागायचं. एक चित्र, एक आकडा. औषध दिल्यावर आकडा उतरला का, ते बघा.

वीस ओळींचा कोड आहे हा. पण त्याने चित्राला हिशोबात आणलं. 'लालसर दिसतंय' हे निदान उरलं नाही.

निळा म्हणजे बरा?

रंगांबद्दल घरचा एक किस्सा सांगतो. बाबांचा उजवा गुडघा गेली तीन वर्षं कुरकुरतो. एकदा ऑफिसातला मोबाईलला लावायचा कॅमेरा घरी आणला होता. वीस मिनिटं जेल पॅक ठेवून झाल्यावर मी त्यांना स्क्रीन दाखवली. गुडघा गडद निळा, बाकी पाय पिवळा-केशरी. बाबा खूश. म्हणाले, "बघ, सगळी आग गेली. निळा झाला म्हणजे बरा झाला." मग आईने उत्साहाने स्वतःचा गुडघा पुढे केला. तिने काहीच लावलेलं नव्हतं. तिच्याही चित्रात वाटी निळीच दिसली.

कारण हे रंग कॅमेऱ्याचे नसतात, सॉफ्टवेअर भरतं. बहुतेक ॲपमध्ये मूळ सेटिंग असं असतं की त्या क्षणी चौकटीत जे सर्वात थंड आहे ते निळं आणि जे सर्वात गरम आहे ते पांढरं किंवा लाल. पुढच्या चित्रात तोच निळा दुसऱ्याच तापमानाचा असू शकतो. आणि गुडघ्याची वाटी तशीही आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा थंड दिसते, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. त्यात स्वस्त कॅमेऱ्याचा निरपेक्ष आकडा दोन अंश इकडेतिकडे होऊ शकतो, एकाच चित्रातल्या दोन जागांमधला फरक मात्र तो अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत पकडतो. हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण दुखायचं कमी झालंय, त्याचं काय?" ते खरं होतं, आणि त्याचं कारण पुढे येतंय.

खुणा

आता प्रेस्टनचा पेपर. जेम्स सेल्फ, नताली हार्डाकर आणि सहकारी. अडचण अशी होती: सरासरी तापमान काढायचं तर कुठल्या भागाची सरासरी, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या भाषेत 'रीजन ऑफ इंटरेस्ट'. साध्या थर्मल चित्रात वाटीचा गार गोल दिसतो, त्यावरून अंदाजाने चौकट आखता येते. पण थंडावा दिला की तो गोलच पुसला जातो. ज्या कडांच्या आधाराने मोजायचं, त्या उपचारानेच गायब होतात. मग कुणी चौकट वर आखतो, कुणी खाली. चौकटीत थोडी गरम मांडी आली की सरासरी वर गेली. पॅक वाईट होता की चौकट चुकली, कसं कळणार?

त्यांनी उपाय केला तो अगदी शाळकरी. गुडघ्यावर हाताने चाचपून शरीररचनेतल्या ठरावीक जागा शोधायच्या आणि तिथे उष्णतेच्या दृष्टीने निष्क्रिय अशा खुणा चिकटवायच्या, म्हणजे त्या स्वतः कातडी तापवत किंवा गार करत नाहीत पण चित्रात दिसतात. चौकट खुणांवरून आखायची. मग एकाच माणसाने पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का, दुसऱ्याने मोजलं तर तेच येतं का, हे तपासायचं. गुडघा कुठून सुरू होतो, हे कॅमेऱ्याला माहीत नाही. ते बोटांना माहीत आहे.

मला हा पेपर आवडण्याचं कारण इथे आहे. आमच्या धंद्यात चौकट ओळखायचं काम आता मॉडेलवर सोपवतात, आणि ते छान करतंही. पण त्याला शिकवायला कुणीतरी आधी खऱ्या गुडघ्यावर खुणा ठेवलेल्या असाव्या लागतात.

कॅमेऱ्याने काय सांगितलं

दुखणं कमी होण्याचा उंबरठा १९७५ च्या एका अभ्यासापासून कातडीच्या सुमारे १३.६ अंशांवर धरला जातो. त्याच्या खाली गेलं की ती जागा बधिर वाटू लागते. २००७ मध्ये घोट्यावर केलेल्या प्रयोगात कातडी १० अंशांपर्यंत आणली, तेव्हा तिथल्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग सुमारे एक तृतीयांशाने घटला. म्हणजे दुखण्यापुरतं बोलायचं तर कातडीचं तापमान हाच कामाचा आकडा आहे. बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

मग कोणता पॅक तिथवर नेतो? २००२ मध्ये ब्रिटनमध्ये मांडीवर वीस मिनिटं दोन गोष्टी ठेवून पाहिल्या: फ्रीझरमधल्या मटारची पिशवी आणि दुकानातला जेल पॅक. मटारने कातडी १०.८ अंशांवर आली, जेलने १४.४ वर. मटार जिंकले.

महागड्या उपायाचाही हिशोब झाला. जपानमध्ये तोशिमा यामाउची यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी संधिवातासाठी अख्ख्या शरीराला अतिथंड हवेत नेण्याचा उपचार सुरू केला. आता खेळाडू उणे ११० अंशांच्या खोलीत उभे राहतात, आणि त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. २०१४ मध्ये जोसेफ कॉस्टेलो, सेल्फ आणि सहकाऱ्यांनी थर्मल कॅमेऱ्याने गुडघे मोजले. एकीकडे उणे ११० ची खोली, दुसरीकडे ८ अंशांचं पाणी. बाहेर येताक्षणी खोलीवाल्यांचे गुडघे जास्त थंड होते. पण दहा मिनिटांनंतर चित्र उलटलं आणि तासाभरापर्यंत पाण्यातले गुडघेच जास्त थंड राहिले. दोन्हींपैकी कशानेच कातडी १३ अंशांखाली गेली नाही. उणे ११० हा आकडा हवेचा होता. हवा उष्णता ओढून घेण्यात पाण्यापुढे फार कमजोर.

आणि काय सांगितलं नाही

बर्फ ठेवलेला असताना कॅमेऱ्याला गुडघा दिसतच नाही, त्याला पॅक दिसतो. कातडीवर पाण्याचा पातळ थर असला तरी त्याला पाणीच दिसतं. पुसावं तर घासण्याने कातडी तापते, म्हणून अलगद टिपून घ्यायचं. खोलीचं तापमान स्थिर हवं, माणूस आधी तिथे पंधरा-वीस मिनिटं बसलेला हवा. अशा बारीकसारीक गोष्टींची पंधरा मुद्द्यांची यादी या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये एकमताने केली.

पण खोलीचं काय, म्हणजे कातडीखालच्या? २००२ मध्ये एनवेमेका आणि सहकाऱ्यांनी पॅक ठेवून एक, दोन आणि तीन सेंटिमीटर खाली मोजलं. वीस मिनिटांत दोन आणि तीन सेंटिमीटरवर लक्षणीय फरकच पडला नाही. पॅक काढल्यावर मात्र वर कातडी तापत होती आणि खालचा भाग गार होत होता. खालची उष्णता वर चढून कातडीला मिळत होती. म्हणजे स्क्रीनवर निळा रंग ओसरताना दिसतो, तेव्हा आत थंडावा पोचत असू शकतो.

त्याच वर्षी ओट आणि सहकाऱ्यांनी चरबीचा हिशोब मांडला. मांडीत चरबीच्या थराखाली एक सेंटिमीटरवर ७ अंश उतरायला सडपातळ माणसाला ८ मिनिटं लागली, जाड थर असलेल्याला सुमारे ५९ मिनिटं. आपण सगळ्यांना सरसकट सांगतो, "वीस मिनिटं ठेवा."

आणि थंडावा आत पोचवावा का, हा प्रश्नही आता मोकळा झाला आहे. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं अशी चतुःसूत्री लोकप्रिय केली. २०१४ च्या सुमारास त्यानेच लिहिलं की बर्फ दुखणं कमी करतो, पण जखम भरून यायला उशीर लावू शकतो. ताज्या लचकेचा आणि जुन्या संधिवाताचा हिशोब वेगळा, शस्त्रक्रियेने बदललेल्या गुडघ्याचा आणखी वेगळा. त्यांची उत्तरं एका रंगीत चित्रात मावणार नाहीत.

येत्या काही वर्षांत फोनमध्येच थर्मल कॅमेरा येणं सर्रास होईल आणि 'गुडघ्याचं आरोग्य' सांगणारी ॲपही येतील. त्यातलं एखादं कदाचित मीच लिहीन. ते हातात आलं की तीन गोष्टी विचारा. हा निळा म्हणजे किती अंश? चौकट कशी आखली? आणि पॅक काढून किती वेळाने फोटो काढला? उत्तरं मिळाली नाहीत तर ते चित्र सुंदर म्हणून बघा आणि सोडून द्या. सांध्याच्या आत काय चाललंय, ते एरेट्रियाच्या मातीलाही बाहेरूनच चाचपावं लागत होतं. आपला सेन्सर तिच्यापेक्षा खूप तल्लख झाला आहे, पण तोही अजून कातडीच्या बाहेरच उभा आहे.